वेबर्नची सिम्फनी, ओपस २१: बारा स्वर, दहा मिनिटं आणि ती वाजवणारी माणसं

मंद्रसप्तक

घरात पेटी असेल तर पुढे वाचण्याआधी एक करून बघा. कोणतीही पट्टी सा धरा आणि एकेक स्वर मोजून, सावकाश वाजवा:

सा, ध, कोमल नी, शुद्ध नी, प, कोमल ध, रे, कोमल रे, म, ग, कोमल ग, तीव्र म.

बारा स्वर झाले. एकही दुसऱ्यांदा आला नाही, एकही सुटला नाही. ऑस्ट्रियन संगीतकार आंतोन वेबर्नच्या सिम्फनीचा सगळा डोलारा या एका स्वरमाळेवर उभा आहे. त्याची माळ 'ए' या स्वरापासून सुरू होते, मी त्यालाच सा म्हटलंय.

आता दुसरी गोष्ट. माळेचा दुसरा अर्धा भाग शेवटाकडून उलटा वाजवा: तीव्र म, कोमल ग, ग, म, कोमल रे, रे. आणि आपल्याकडे षड्जचालन करतात तसं तीव्र मध्यमालाच सा समजा. काय ऐकू येतं? सा, ध, कोमल नी, शुद्ध नी, प, कोमल ध. म्हणजे पहिला अर्धा भागच! शाळेत 'रामाला भाला मारा' उलटसुलट वाचताना जो आनंद व्हायचा, तो मला या माळेने पन्नाशीत पुन्हा दिला.

या गुणाचा परिणाम पुढे सगळीकडे दिसतो. अर्नोल्ड शोनबर्गने १९२०च्या दशकात बारा स्वरांची ही रीत बसवली. तीत एका माळेपासून साधारण ४८ रूपं मिळतात: सरळ, उलटी, आरशातली (वर जायचं तिथे खाली) आणि आरशातली उलटी, प्रत्येकी बारा पट्ट्यांमध्ये. वेबर्नच्या माळेत सरळ आणि उलटं एकच असल्याने निम्मी रूपं गळतात, २४च उरतात. त्याने आपला हात स्वतःहून आखडून घेतला आणि तेवढ्या ऐवजात सिम्फनी उभी केली.

सिम्फनी म्हटलं की स्टेजवर शंभर माणसं डोळ्यांपुढे येतात. इथे वाद्यं बघा: एक क्लॅरिनेट, एक बास क्लॅरिनेट, दोन हॉर्न, एक हार्प, पहिली आणि दुसरी व्हायोलिन, व्हायोला, चेलो. डबल बास नाही, बासरी नाही, ट्रम्पेट नाही, ताशा-नगारा तर नाहीच. भाग दोन, वेळ दहा मिनिटांच्या आसपास. तिसरा भाग त्याच्या डोक्यात होता, पण तो त्याने सोडून दिला. १९२७च्या नोव्हेंबरात काम सुरू झालं, १९२८च्या उन्हाळ्यात संपलं. गंमत म्हणजे आज दुसरा म्हणून वाजतो तो भाग आधी लिहिला गेला.

त्या दुसऱ्या भागाचा हिशेब ऐकून मी थक्क झालो होतो. एक विषय, त्यावर सात रूपांतरं, शेवटी समारोप, असे नऊ तुकडे. प्रत्येक तुकडा बरोबर ११ बारांचा (बार म्हणजे तालाचं एक माप, आपल्या आवर्तनासारखं), एकूण ९९ बार. चौथं रूपांतर मधोमध, आणि प्रत्येक तुकडा आपल्या मध्यावरून मागे फिरतो. वेबर्नने १९३२मध्ये व्हिएन्नात दिलेल्या व्याख्यानांत या भागाचं उदाहरण घेऊन सांगितलं होतं की याहून जास्त एकसंधपणा शक्य नाही, जुन्या नेदरलँडी रचनाकारांनाही तो साधला नव्हता. ही फुशारकी वाटेल, पण त्याने पीएचडी केली होती ती पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या हाइनरिश इझाक या रचनाकारावर, १९०६ साली. जुन्या कॅननचं, म्हणजे एकाची सुरावट दुसऱ्याने थोड्या अंतराने मागून उचलायची त्या रीतीचं, व्याकरण त्याच्या बोटांत मुरलेलं होतं.

आता ज्यासाठी धागा काढला ते. ही रचना लिहिली कशी गेली यावर ढिगाने लिहिलं गेलंय. मला वेड लावलंय ते ती वाजवली कशी गेली याने.

पहिला प्रयोग १८ डिसेंबर १९२९ला न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये झाला. लीग ऑफ कंपोजर्स या संस्थेचा कार्यक्रम, कंडक्टर अलेक्झांडर स्मॉलेन्स. वेबर्न तिकडे ऑस्ट्रियात. समीक्षकांनी टर उडवली. ते अपेक्षितच होतं. वर्षभरापूर्वी, २ डिसेंबर १९२८ला, बर्लिनमध्ये कंडक्टर फुर्टवेंग्लरने शोनबर्गची ऑर्केस्ट्रासाठीची 'व्हेरिएशन्स' पहिल्यांदा वाजवली तेव्हा सभागृहात गोंधळ झाला होता.

खरी गोष्ट आहे ती ओटो क्लेम्पररची. हा फार मोठा कंडक्टर, नव्या संगीताचा पाठीराखा. त्याने ही सिम्फनी बर्लिनमध्ये केली आणि पुढे १९३६मध्ये व्हिएन्नातही. म्हातारपणी दिलेल्या मुलाखतीत त्याने मोकळेपणाने सांगितलं की तिच्यात शिरायला त्याला वाटच सापडत नव्हती, ती त्याला भयंकर कंटाळवाणी वाटायची. म्हणून व्हिएन्नात असताना त्याने वेबर्नलाच बोलावलं आणि पियानोवर वाजवून दाखवायला सांगितलं. वेबर्न आला आणि एकेक स्वर असा काही जीव ओतून, झपाटल्यासारखा वाजवला की क्लेम्पररने सरळ कबूल केलं: एवढी तीव्रता माझ्याच्याने आणवणार नाही, मला जमेल तसं करतो.

त्या व्हिएन्नाच्या कार्यक्रमाला पीटर श्टाडलेन हा तरुण पियानोवादक हजर होता. त्याने पुढे लिहून ठेवलंय की कार्यक्रम संपल्यावर वेबर्न त्याच्याकडे वळून कडवटपणे म्हणाला: एक वरचा स्वर, एक खालचा स्वर, एक मधला स्वर, वेड्याचं संगीत वाटतं हे!

ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की मला पुढची सगळी दशकं समजायला लागतात. लिहिणाऱ्याला तिथे गाणं ऐकू येत होतं. वाजवणाऱ्याला ठिपके दिसत होते.

वेबर्नने स्वतः ही सिम्फनी कधी रेकॉर्ड केली नाही. त्यामुळे पुढच्या प्रत्येकाला ते गाणं स्वतःच शोधावं लागलं. ती यादी मोठी आहे, प्रतिसादांत लिहीन. ज्यांनी ही ऐकली आहे, किंवा पेटीवर माळ वाजवून पाहिली आहे, त्यांनी जरूर लिहा.


पेटीवाले काका

वाजवली. चार वेळा. आधी तानपुरा लावून, मग बंद करून.

तानपुरा चालू असताना माळ सहन होत नाही. प्रत्येक स्वर 'सा'कडे वळून बघतो आणि लगेच दुसरा त्याला ढकलतो. तानपुरा बंद केल्यावर मात्र वेगळंच झालं. कोमल नी, शुद्ध नी, आणि मग एकदम प... तिथे कान टवकारले. म, ग, कोमल ग इथे एक उतरती घसरण आहे, ती बरी वाटते.

पण मंद्र, माझा प्रश्न साधा आहे. न्यास, म्हणजे स्वराने विसावायची जागा, कुठे? आपल्याकडे मारवा घ्या. त्यात सा लपवून ठेवतात, ऐकणाऱ्याला तहान लागते, आणि शेवटी सा लागतो तेव्हा अंगावर काटा येतो. इथे तहान तरी कशाची लागायची?


मंद्रसप्तक

काका, मारव्याचं उदाहरण अचूक आहे. तुमच्या प्रश्नावर मी बरेच दिवस अडलो होतो.

सा या अर्थाने न्यास नाहीच. पण पहिल्या भागाच्या सुरुवातीला वेबर्नने एक केलंय. प्रत्येक स्वराची जागा ठरवून टाकली आहे. म्हणजे कोमल ग आला की तो नेहमी त्याच सप्तकातला येणार, इकडेतिकडे उडणार नाही. फक्त 'ए'च्या समोरचा स्वर, आपल्या हिशेबात तीव्र मध्यम, दोन ठिकाणी येतो. आणि या सगळ्या जागा एका 'ए'च्या दोन्ही बाजूंना आरशासारख्या पसरलेल्या आहेत, जितक्या वर तितक्याच खाली. आपला सा तळाशी असतो आणि इमारत त्यावर उभी राहते. हा 'ए' मध्यभागी आहे, तराजूच्या काट्यासारखा. त्याच्यावर कुणी येऊन विसावत नाही, पण सगळं त्याच्याभोवती तोललेलं असतं.

हे कानाला कळतं का? मला पाच-सहा वेळा ऐकल्यावर एवढंच कळलं की हवा स्थिर आहे. स्वर भरकटत नाहीत. ते प्रत्येक वेळी आपापल्या जागी उजळतात.


व्हायोलातली मीरा

मी जर्मनीत राहते आणि एका हौशी ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवते. ही सिम्फनी आम्ही वाजवली आहे. धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

पहिल्या भागाची सुरुवात अशी: दुसरा हॉर्न माळेचे पहिले चार स्वर वाजवतो, पुढचे चार क्लॅरिनेटकडे जातात, शेवटचे चार चेलोकडे. त्याच वेळी, थोडा मागून, आरशातली माळ निघते. ती पहिला हॉर्न सुरू करतो, मग बास क्लॅरिनेट, मग आम्ही व्हायोला. काकांच्या भाषेत आमच्या वाट्याला येतात प, कोमल ध, शुद्ध ध, तीव्र म. आणि हे चाललेलं असतानाच हार्प आणि बाकीचे मिळून दुसरी कॅननची जोडी चालवत असतात. कागदावर हे फार सुंदर दिसतं. तालमीत पहिल्या दिवशी काय झालं ते सांगते.

मी माझे विश्राम मोजत बसले होते. एक, दोन, तीन, स्वर. एक, दोन, स्वर. डोळे कंडक्टरच्या हातावर. स्वर अचूक लागला, वेळेवर लागला, आणि तरी सगळ्यांना कळत होतं की हे मेलेलं आहे. प्रत्येक जण आपला स्वर टेबलावर ठेवून मोकळा होत होता. एक वरचा, एक खालचा, एक मधला.

दुसऱ्या तालमीला आमच्या कंडक्टर बाईंनी वाद्यं खाली ठेवायला सांगितली आणि माळ गायला लावली. सगळ्यांना. हॉर्नवाल्यांनी पहिले चार, त्यांच्या चौथ्या स्वराचा श्वास संपायच्या आत क्लॅरिनेटवाल्यांनी पुढचे चार. स्वर इतके लांब उड्या मारतात की गाता येत नाहीत, मग आपल्याला झेपेल त्या सप्तकात गायचे. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझे चार स्वर सुरू होण्याआधी आठ स्वर होऊन गेलेत आणि मी त्यांचं पुढचं पाऊल आहे. विश्राम मोजायचे नाहीत, दुसऱ्याचा स्वर ऐकत थांबायचं. आईबरोबर लहानपणी भजनाला जायचे तिथे एका बाईने टाळ सोडला की दुसरी धरायची, ताल पडू द्यायचा नाही. तसंच काहीसं.

दुसऱ्या भागाच्या पहिल्या रूपांतरात आम्ही फक्त तंतुवाद्यं असतो, सगळ्यांना म्यूट (आवाज दाबणारी चिमटी) लावलेला. अत्यंत हळू आवाज, आणि त्यात कधी गज, कधी तार बोटाने छेडायची. ते ११ बार मी आयुष्यात वाजवलेल्या सगळ्यात अवघड ११ बारांपैकी आहेत. एक माणूस किंचित जोरात वाजला तरी आरसा तडकतो.

मंद्रसप्तक, क्लेम्पररची गोष्ट मला माहीत होती. पण 'वाजवणाऱ्याला ठिपके दिसत होते' हे वाचून थांबले. आमच्या स्कोअरवर खरंच ठिपके दिसतात. पानभर पांढरं आणि मधूनच एक स्वर.


कृष्णाकाठ

मीराताई, तुमचा अनुभव वाचून आदर वाटला. पण मी मोकळेपणाने माझं मत मांडतो.

काल रात्री दोनदा ऐकली. माळ एवढी गुंफलेली आहे, मध्यावरून मागे फिरते, ९९ बार वगैरे, हे सगळं वाचून ऐकली तरी कानाला ते काही सापडलं नाही. उलटं वाजवलेलं सरळ आहे हे कुणाच्या कानाला ओळखू येतं? 'रामाला भाला मारा' डोळ्याला दिसतं म्हणून मजा. जे मला उद्या सकाळी गुणगुणता येणार नाही, त्याला मी संगीत म्हणून जवळ कसं करू? आमच्या घरी वडील पहाटे भूपाळी म्हणायचे, ती मला त्यांच्या पश्चात वीस वर्षांनी तोंडपाठ आहे. मला तरी संगीताचं काम ते वाटतं.


मंद्रसप्तक

कृष्णाकाठ, तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे म्हणून वाद न घालता एक प्रसंग सांगतो.

जानेवारी १९५०. न्यूयॉर्क, कार्नेगी हॉल. दिमित्री मित्रोपूलोस न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर हीच सिम्फनी करतो. श्रोते वैतागलेले. कार्यक्रमात पुढे राखमानिनोव्हचे 'सिम्फॉनिक डान्सेस' आहेत, लोक त्यासाठी थांबलेले. पण वेबर्न संपल्याबरोबर एक चोवीस वर्षांचा तरुण उठून बाहेर पडतो, कारण हे ऐकल्यावर त्याला दुसरं काही ऐकायचं नाही. बाहेर लॉबीत त्याला दुसरा एक जण भेटतो, तोही त्याच कारणाने उठून आलेला. तरुण त्याच्याजवळ जाऊन एवढंच विचारतो: किती सुंदर होतं ना ते?

तरुणाचं नाव मॉर्टन फेल्डमन आणि दुसरा जॉन केज, दोघेही संगीतकार. तिथून त्यांची मैत्री जमली, फेल्डमन पुढे केज राहायचा त्याच इमारतीत राहायला गेला, आणि त्या दशकातल्या अमेरिकन नव्या संगीताची बरीच वाट त्या ओळखीतून निघाली.

फेल्डमनला त्या रात्री माळ उलटसुलट एकच आहे हे कानाने कळलं असेल असं मला वाटत नाही. त्याने 'सुंदर' हा शब्द वापरला, 'हुशार' नाही. मलाही पहिल्यांदा आवडली ती वाद्यांच्या रंगांमुळे. हॉर्नचा स्वर विझता विझता क्लॅरिनेटमध्ये उजळतो ना, ते. माळेचं गणित मी दोन वर्षांनी वाचलं. तुम्ही गणित विसरून, फक्त सुरुवातीच्या हॉर्नच्या मागे कान लावून एकदा ऐका. नाहीच भावली तर नाही. भूपाळीची जागा ती घेणार नाही आणि घेऊही नये.


रेकॉर्डवेडा

मंद्रने म्हटलेल्या यादीला माझ्याकडून सुरुवात. लढाई संपल्यावर ही सिम्फनी युरोपात पुन्हा वर आणण्यात कंडक्टर रने लाइबोविट्झचा मोठा हात आहे. पॅरिसमध्ये १९४५मध्ये त्याने ती केली. पुढे मोठा संगीतकार आणि कंडक्टर झालेला तरुण बुलेझ त्या वर्षी त्याच्याकडे बारा स्वरांची रीत शिकत होता. लाइबोविट्झने ती रेकॉर्डही केली आणि ती निघाली डायल या अमेरिकन कंपनीच्या लेबलवर. चार्ली पार्करच्या जॅझ रेकॉर्ड काढणारी तीच डायल! एकाच लेबलवर पार्करचा सॅक्सोफोन आणि वेबर्नचा हॉर्न, याचा विचार केला तरी मला आनंद होतो.

मग १९५७मध्ये कोलंबियाने रॉबर्ट क्राफ्टचा चार एलपींचा संच काढला. ओपस क्रमांक (रचनेचा अनुक्रमांक) असलेलं वेबर्नचं सगळं संगीत चार तबकड्यांत मावलं. या माणसाने आयुष्यभर लिहिलेलं इतकं कमी होतं. पण त्या संचामुळे ते पहिल्यांदा कुणाच्याही घरी पोचू शकलं. क्राफ्ट हा कंडक्टर, संगीतकार स्ट्राविन्स्कीच्या जवळचा. स्ट्राविन्स्की उतारवयात स्वतः माळेच्या रीतीकडे वळला, त्यामागे वेबर्नचा हा शोध होता.

आणि एक कुणी लिहिलं नाही: या सिम्फनीवर नाच झाला आहे. १९५९मध्ये न्यूयॉर्क सिटी बॅलेने 'एपिसोड्स' केलं, अर्धं मार्था ग्रॅहमने बसवलेलं, अर्धं जॉर्ज बॅलन्चीनने, सगळं वेबर्नच्या संगीतावर. बॅलन्चीनचा भाग सुरूच या सिम्फनीने होतो. पावलं, वाकलेले हात, मग थांबणं, आणि त्या थांबण्यातही संगीत चालू. कृष्णाकाठ, तुम्हाला कानाने सापडत नसेल तर डोळ्याने पाहून बघा. मला स्वतःला ती अशीच सापडली.

रेकॉर्डिंगांत माझी पसंती सांगतो. बुलेझने ती लंडन सिम्फनीबरोबर केली आणि पुढे बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर. स्वच्छ, प्रत्येक धागा वेगळा दिसतो. कंडक्टर कारायानची सत्तरच्या दशकातली बर्लिनची वेगळीच आहे, मऊ, उबदार, स्वर एकमेकांत वितळतात. ती वेबर्नची नाही म्हणणारे बरेच आहेत. मी तिच्याकडेच परत परत जातो.


मंद्रसप्तक

रेकॉर्डवेडा, तुम्ही नेमकं माझ्या मनातलं काढलंत.

पन्नाशी-साठीच्या दशकात तरुण संगीतकारांनी वेबर्नला गुरू मानलं, पण घेतला तो बहुतेक रचनेचा सांगाडा. वादनही तसंच झालं: थंड, मोजून-मापून, भावनेला हात न लावता. वेबर्नला असंच हवं होतं असा समज पसरला. त्याला पहिला मोठा आक्षेप घेतला तो वर आलेल्या श्टाडलेननेच. १९३७मध्ये वेबर्नच्या पियानोवरच्या 'व्हेरिएशन्स'चा पहिला प्रयोग त्याने केला होता, आणि त्याआधी वेबर्नने आठवडेच्या आठवडे त्याच्याकडून ती बसवून घेतली होती. वेबर्न गात होता, ओरडत होता, हातवारे करत होता, स्वरांमागचा भाव समजावत होता. आणि माळेबद्दल? एक अक्षर नाही.

पुरावा हवा असेल तर वेबर्न स्वतः कंडक्टर म्हणून कसा होता ते ऐकता येतं. दोन रेकॉर्डिंगं टिकली आहेत. एक १९३२चं, फ्रँकफर्ट रेडिओचं, शुबर्टच्या जर्मन नृत्यांचं, त्यानेच ऑर्केस्ट्रासाठी बसवलेलं. दुसरं मे १९३६चं, लंडनचं, मित्र आल्बान बेर्गच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोचं, व्हायोलिनवर लुई क्रास्नर. बेर्ग जाऊन तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते. दोन्हींत लय श्वासासारखी आहे, कुठे रेंगाळते, कुठे धावते. शुबर्टच्या नाचात तर तो एखाद्या वळणावर असा थांबतो की ठुमरीतल्या बोलबनावाची आठवण व्हावी. हा माणूस आपली सिम्फनी कोरडी वाजवा म्हणेल, हे मला पटत नाही.


सांजवात

एक प्रश्न. वेबर्नबद्दल बोलताना हिटलरबद्दलची त्याची मतं टाळली जातात का?


मंद्रसप्तक

टाळायला नकोत. १९४०च्या सुमाराला त्याने मित्राला लिहिलेल्या पत्रांत हिटलरच्या जर्मनीबद्दल उत्साह आहे, तो वाचताना त्रास होतो. त्याच राजवटीने त्याचं संगीत 'विकृत' ठरवून बंद केलं होतं. तो व्हिएन्नातल्या कामगारांच्या ऑर्केस्ट्राचा आणि गायकवृंदाचा कंडक्टर होता, ते काम १९३४मध्येच सोशल डेमोक्रॅटांवर बंदी आल्यावर गेलं होतं. गुरू शोनबर्ग ज्यू, परागंदा. वेबर्नने ज्यू मित्रांशी नातं तोडलं नाही आणि तरी ती पत्रं लिहिली. दोन्ही खरं आहे. मला ते एकत्र बसवता येत नाही आणि मी तसा प्रयत्नही करत नाही.

शेवट तर फार वाईट झाला. मुलगा पेटर फेब्रुवारी १९४५मध्ये आगगाडीवरच्या हवाई हल्ल्यात गेला. वेबर्न आणि त्याची बायको मुलींकडे, मिटरझिल या डोंगरी गावात जाऊन राहिले. १५ सप्टेंबर १९४५, लढाई संपून गेली होती. त्या संध्याकाळी तो धाकट्या मुलीच्या घरी जेवायला गेला. जावयाने सिगार दिला होता. झोपलेल्या नातवंडांना धूर नको म्हणून तो ओढायला दाराबाहेर आला. अमेरिकन सैनिक त्याच वेळी काळ्या बाजाराच्या संशयावरून जावयाला पकडायला आले होते. त्यातल्या एकाने, जो सैन्यातला आचारी होता, अंधारात वेबर्नवर गोळ्या झाडल्या.

त्या धाकट्या मुलीचं नाव क्रिस्टीना. सिम्फनी तिला अर्पण केलेली आहे. सिम्फनी लिहून झाली तेव्हा ती आठ वर्षांची होती.


सांजवात

हे माहीत नव्हतं. आज रात्री ऐकते.


दादरकर

थोडं मुंबईचं सांगू का. १९३६मध्ये मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता १९५४मध्ये व्हिएन्नाला गेले आणि हान्स स्वारोव्स्कीकडे कंडक्टिंग शिकले. हे स्वारोव्स्की स्वतः शोनबर्ग आणि वेबर्न या दोघांकडे शिकलेले. म्हणजे वेबर्न, स्वारोव्स्की आणि मग बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढणाऱ्या मेहली मेहतांचा मुलगा, अशी सरळ शिष्यपरंपरा आहे. मेहतांनी पुढे लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकबरोबर शोनबर्गची 'व्हेरिएशन्स' रेकॉर्ड केली, तीच जिच्या पहिल्या प्रयोगाला बर्लिनमध्ये गोंधळ झाला होता. शोनबर्गची शेवटची वर्षं लॉस एंजेलिसमध्येच गेली.

माझी मनापासूनची इच्छा: मुंबईतल्या एनसीपीए या कलाकेंद्रात ही सिम्फनी व्हावी. २००६पासून तिथे सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. सातच प्रकारची वाद्यं लागतात, दहाच मिनिटं. आणि आधी कुणीतरी पेटीवर ती माळ वाजवून दाखवावी. मंद्रने सांगितलं तसं षड्जचालन करून. सभागृहातल्या निम्म्या लोकांना ते लगेच कळेल.


व्हायोलातली मीरा

दादरकर, तसं झालं तर मी व्हायोला घेऊन येते. सुट्टी काढीन.


कृष्णाकाठ

मंद्र, सांगितलंत तसं केलं. गणित बाजूला ठेवलं, दिवा घालवला, फक्त हॉर्नच्या मागे गेलो. तिसऱ्यांदा.

दुसरा भाग अजून मला बंदच आहे. पण पहिल्या भागात एक झालं. सुरुवातीचा तुकडा संपून पुन्हा पहिल्यापासून वाजतो, हे मला आधी कळलंच नव्हतं. या वेळी हॉर्न परत आला तेव्हा मी त्याला ओळखलं.


पेटीवाले काका

मी आज सकाळी रियाझाआधी पहिले चार स्वर गाऊन पाहिले. सा, ध, कोमल नी, शुद्ध नी. ध मंद्रातला घेतला. तीन दिवसांपूर्वी हे स्वर हाताला लागत होते, आज गळ्यातून आले. पाचवा प अजून निसटतो.